मशीनची खांदमळणी

२७ जुलै, रविवार

मी मोकळी असते म्हणे. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं ते कोण भरतं, गच्चीवरचे कपडे कोण काढतं, दोन टायमाच्या भाकरी कोण थापतं, ते कुणी विचारायचं नाय. आज दुपारी माझा पोरगा अजिनाथ जेवल्या ताटावरून म्हणतो, "माय, तू मोकळीच असतीस, ही वही तू सांभाळ." हात धुतला अन् वही माझ्या मांडीवर टाकली.

वही कसली तर गाड्यांच्या देखभालीची. घरात एक त्याची मोटारसायकल, एक सुनेची स्कूटी अन् एक गवत कापायचं मशीन. ऑईल कधी बदललं, हवा कधी भरली, प्लग कधी पुसला, ते तारीख घालून लिहायचं. दोन वर्षांपूर्वी त्यानंच हौसेनं वही आणली होती. लाल पेननं रेघा काय आखल्या, निळ्यानं नावं काय घातली! चार पानं भरली अन् गडी थकला. पुढं सगळं कोरं.

मी म्हणलं, "मला चौथीपर्यंतचं येतं."

"एवढ्याला चौथी पुरती," तो म्हणला. मग स्वतः कशाला बारावी शिकला?

वर देवाचं नाव घालायचं राहिलंच. श्री खंडोबा प्रसन्न. देवा, रागात होते. लिहिणार बानाबाई कचरू, वय सत्तरच्या पुढं. किती पुढं ते आधार कार्डालाबी नीट माहीत नाय.

२८ जुलै, सोमवार

आमच्यात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नव्हते. महादेवाचा वार. त्या दिवशी बैल बसून राहायचा अन् आम्ही त्याची शिंगं, खूर, मान बघायचो. जखम असली तर त्याच दिवशी कळायची. मेंढरांचंबी मी तसंच करायची. म्हणून मी ठरवलं, सोमवारी सकाळी सगळ्या गाड्या अंगणात माझ्यासमोर उभ्या राहतील. मग त्यांना कुठं जायचं तिथं जाऊ द्या.

अजिनाथ चितेगावच्या कंपनीला निघाला होता. मी म्हणलं, "थांब. चेन बघू."

"माय, उशीर होतोय."

"चेन म्हशीच्या कासेगत लोंबायली तुझी. तुटली तर लई लवकर पोचशील."

खाली वाकून बघितलं त्यानं. पाना घेऊन ताण दिला अन् गेला. दोन महिने ही चेन तशीच असणार. वही मला देणारा हा.

स्कूटीच्या मागच्या चाकात हवा कमी होती. मंजुषा म्हणजे माझी सून, ती म्हणली, "आत्या, तुम्हाला कसं कळलं?" मी म्हणलं, लंगडं मेंढरू शंभरात ओळखायची मी, ही तर एकटीच उभी हाय.

४ ऑगस्ट, सोमवार

आज मशीन शिकले. लांब नळी, एका टोकाला इंजिन, एका टोकाला पातं नायतर प्लास्टिकची दोरी. खांद्याला पट्टा अडकवून चालवायचं. अजिनाथनं आमच्या मोकळ्या प्लॉटवरचं गाजरगवत काढायला आणलं होतं. त्यानं दोनदा चालवलं, पाठ धरली, ठेवून दिलं. मग मंजूनं उचललं. आधी आमचा प्लॉट, मग शेजाऱ्याचा, मग गल्लीतले सगळे. डोळ्याला चष्मा, पायात गमबूट, नवऱ्याची जुनी पँट. पहिल्यांदा बघितली तवा मी तोंड फिरवलं होतं. लिहायचं तर खरं लिहावं.

आता तिला पैठण रोडच्या वृंदा पार्क सोसायटीचं काम मिळालंय. पावसाळ्यापुरतं, परीक्षा म्हणून. गणपतीच्या आधी त्यांचं मोठं मैदान साफ करून दिलं अन् पसंत पडलं, तर वर्षभराचं काम देणार म्हणलेत. सध्या ती चितेगावलाच दुसऱ्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. आठ तास उभं राहून पाय सुजतात. मशीनचं काम फक्त सुट्टीच्या दिवशी. वर्षभराचं मिळालं तर पॅकिंग सोडणार म्हणती. मी म्हणलं बघू.

तिनं मला पेट्रोल दाखवलं. "आत्या, हे साधं पेट्रोल ह्यात चालत नाय. हे बाटलीतलं ऑईल मापानं मिसळायचं, मग टाकायचं. ह्याला ऑईलची वेगळी टाकी नसते. पेट्रोलातूनच पोटात जातं. कमी पडलं तर आतून जाम होतं, मग पिस्टनच बदलावा लागतो."

मी म्हणलं, म्हणजे ह्याला तेल पाजावं लागतं.

ती हसली. "तसंच समजा."

११ ऑगस्ट, सोमवार

तीन वाहनं, तीन तऱ्हा. मोटारसायकल मालकासारखी, वरून पुसलेली, खाली चिखल. स्कूटी बिचारी किक मारली की उठते. मशीनला आधी रबरी फुगा दाबून पेट्रोल द्यावं लागतं, मग चोक, मग इंजिनाची दोरी. तीनदा ओढली की खोकतं, चौथ्याला बोलतं. मला त्याचा आवाज कळायला लागलाय. जाळी तुंबली की घसा बसल्यागत बोलतं. आज हवेचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुतला, वाळवून बसवला. लगेच मोकळं बोललं.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी अभय साहेब यांचा फोन आला. अजिनाथच्या मोबाईलवर. मंजू बाजूलाच कणीक मळत होती. झाडाजवळ पातं लावणार का दोरी, असं ते विचारत होते. अजिनाथ म्हणला, "पातं लावू साहेब, एकदम बारीक करू." मंजूनं मान हलवली, नाय म्हणून. झाडाजवळ पातं लावलं की खोडाची साल निघते. पण तोवर ह्यानं सांगून टाकलं होतं.

नंतर मंजू मला म्हणली, "काम माझं, फोन ह्यांना." मी म्हणलं, बाप्याशी बाप्या बोलतो, त्यात काय एवढं. तू कणीक मळ.

१८ ऑगस्ट, सोमवार

पात्याच्या वरच्या डोक्यात ग्रीस भरलं. मोटारसायकलचं ऑईल अजिनाथनं बदललं, मी समोर बसून. काळं, डांबरासारखं निघालं. तारीख घातली.

मंजूचे पाय आज घोट्याच्या वर सुजलेत. बादलीत गरम पाणी, मीठ, पाय घालून बसली होती. नात राजनंदिनी म्हणली, "मम्मी, तू सोडून दे ना ते काम." ती म्हणली, "मैदान होऊ दे एकदा."

शनिवार रविवार धरून बसलीय. दोन दिवसात मैदान होतं म्हणती.

स्कूटी आज पुसली. आरसा ढिला होता, आवळला.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज खांदमळणी. उद्या पोळा.

बैल विकून बारा वर्षं झाली. सोयगावकडं होतो तोवर दावणीला जोडी होती, मागं मेंढरं होती. माझा म्हातारा होता. इथं आल्यापासून मातीची जोडी आणायची, पाटावर ठेवायची, पुरणपोळी दाखवायची. मला त्यात कधी राम वाटला नाय. मातीचा बैल कुठं काम करतो?

ह्या वर्षी माझ्या ताब्यात कामाची जनावरं हायत. म्हणून संध्याकाळी तीनी गाड्या धुतल्या, पुसल्या. तूप-हळद कालवली. बैलाचा खांदा जिथं जुवानं सोलतो तिथं चोळतात. मोटारसायकलच्या मुठीला लावलं, स्कूटीच्या मुठीला लावलं. मशीनला तर खरोखर पट्ट्याचा आकडा असतो, जुवासारखाच. तिथं चोळलं.

मग बैलाच्या कानात सांगतात तसं सांगितलं. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मशीनला कान कुठं? सायलेन्सरच्या भोकात सांगितलं. राजनंदिनीनं मोबाईलवर फोटो काढला. काढ म्हणलं.

मंजू कामावरून आली, बघितलं, हसली नाय. मशीनला हात लावून पाया पडली. मुठीचं तूप तिच्या हाताला लागलं ते तिनं पायाच्या सुजेला चोळलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. पुरण चांगलं झालं. गूळ जरा कमी.

तिघांना कुंकू लावलं, हार घातले, नैवेद्य दाखवला. सणाला बैलाला नळ्यानं करडीचं तेल पाजायचे आमच्याकडं, ताकद यायला. उद्यापासून दोन दिवस ह्या मशीनला लई राबायचंय. म्हणून त्याच्या टाकीचं झाकण काढून पूजेच्या पळीनं दोन पळ्या करडीचं तेल पाजलं. घरचं, घाण्यावरचं. बाटलीतल्या ऑईलपेक्षा कधीबी चोख.

अजिनाथनं पोळीवर दोनदा तूप घेतलं अन् झोपला.

२३ ऑगस्ट, शनिवार

मशीन बंद पडलं.

सकाळी मंजू अन् राजनंदिनी स्कूटीवर मशीन बांधून गेल्या. अकराला परत. अर्धं मैदानबी झालं नाय. मंजू म्हणली आधी धूर लई आला, मग दम लागल्यागत झालं, मग बंद. दोरी ओढायला गेलं तर जड जड होत चाललीय.

मी म्हणलं, पेट्रोल पंपावाल्यानं पाणी घातलं असंल. नायतर तुझं काय तरी चुकलं असंल. सोमवारी मी बघितलं तवा कसं बोलत होतं!

मंजूनं अंगणात बसून टाकीचं झाकण काढलं. वास घेतला. मग माझ्याकडं बघत बसली.

"काय बघतीस?"

"काय नाय आत्या."

उठली, टाकीतलं सगळं नाल्याकडच्या खड्ड्यात ओतलं. एवढं पेट्रोल ओतून दिलं. मी बोलले त्याबद्दल. ती आत गेली, स्वयंपाकघरात जरा वेळ उभी राहिली. तेलाच्या डब्याजवळ. काय शोधत होती कुणास ठाऊक. भाकरीबी खाल्ली नाय.

२४ ऑगस्ट, रविवार

आज घरात बोलाचाली झाली.

सकाळी अभय साहेबांचा फोन अजिनाथला. मंगळवारी संध्याकाळी मंडप घालायचाय, गवतात साप निघाला म्हणून लोक ओरडायलेत, जमणार नसेल तर दुसरा माणूस बघतो. अजिनाथ म्हणला, "होऊन जाईल साहेब." कशानं होईल ते ह्याला माहीत नाय.

फोन ठेवून मंजूवर घसरला. "बायकांच्या हातात मशीन दिलं की असं होतं. काय केलंस?"

मंजू म्हणली, "ऑईल मिसळताना माझीच चूक झाली. कमी पडलं."

घ्या. कबूल केलं. मी म्हणलं, "बघ, मी म्हणलं नव्हतं? मापानं घालायचं सांगणारी तूच अन् चुकणारी तूच." तिनं मान खाली घातली. मला जरा बरं वाटलं, माझ्या सोमवारच्या कामावर बोट नाय आलं म्हणून.

दोघं मशीन घेऊन आश्रम चौकाजवळच्या मुजीब मिस्त्रीकडं गेले. मुजीबच्या बापापासूनची ओळख. गणपतीमुळं त्याच्याकडं गाड्यांची रांग. त्यानं दोरी ओढून बघितली, हलंना. मंजूनं सांगितलं ऑईल कमी पडलं. मग त्यानं उघडलंबी नाय. म्हणला, पिस्टन चिकटला, नवा मागवावा लागंल, गणपतीनंतर या.

मशीन त्याच्याकडं कोपऱ्यात टाकून आले. अजिनाथ म्हणला, उद्या सेक्रेटरीला नाय म्हणून कळवतो, संपलं ते. मंजू डबा भरायला लागली, उद्याच्या पॅकिंगचा.

२५ ऑगस्ट, सोमवार

आजचं लांब लिहावं लागणार. हात दुखला तरी.

सकाळी दोन गाड्या तपासल्या. तिसरीची जागा मोकळी. दोघं कामाला गेले. राजनंदिनीचं कॉलेज दुपारचं. मी हरभऱ्याची डाळ निवडत होते, ती जवळ येऊन बसली.

"आजी, आज भजी कर ना."

"काय डोहाळे लागले का तुला?"

"शनिवारी मम्मीच्या मशीनचा धूर येत होता ना, सेम भज्याच्या घाण्याचा वास. सोसायटीतल्या कुत्र्यांनी पण माना वर केल्या. तेव्हापासून खाऊशी वाटायलंय."

माझा हात डाळीतच राहिला.

ती कॉलेजला गेली. मी तांब्याभर पाणी पिले. वही काढली, शुक्रवारचं पान काढलं. माझ्याच अक्षरात होतं. दोन पळ्या. पूजेची पळी. घरचं, घाण्यावरचं.

मग शनिवारचं पान वाचलं. तिनं वास घेतला अन् माझ्याकडं बघितलं. तेलाच्या डब्याजवळ उभी राहिली. अन् रविवारी चूक माझी म्हणली. मी चौथीच शिकले, पण माझंच लिहिलेलं मला वाचता येतं.

पान फाडावं वाटलं. कोपरा धरला होता. पण ह्या वहीचं पान फाडलं की पलीकडचं जोडपान सुटतं, अन् त्यावर मोटारसायकलच्या चेनची तारीख होती. तशीच बसले.

बसून एक गोष्ट लक्षात आली. ऑईल कमी पडलं तर पिस्टन जातो, हे तिनंच मला शिकवलं होतं. पण इथं तर कमी पडलंच नाय. उलट जास्तीचं गेलं, अन् तेबी खायचं. म्हणजे मुजीबला आजार खोटा सांगितलाय. जुलाब झालेल्या मेंढराला कुणी खोकल्याचं औषध देतं का? तो नवा पिस्टन मागवणार, तो येणार गणपतीनंतर, अन् मंजूचं काम मंगळवारीच जाणार.

वही पिशवीत घातली अन् रिक्षा धरली.

मुजीबच्या दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं उभी. मी म्हणलं, "मुजीब, ते कोपऱ्यातलं मशीन आत्ता उघड."

"खाला, पिस्टन के किट कू टाइम है. बोल्या ना मैं."

"किट नको. हे वाच." शुक्रवारचं पान उघडून त्याच्या हातात दिलं. बाकीची पानं बोटानं दाबून धरली.

त्यानं मोठ्यानं वाचलं. मेल्याला हळू वाचता येत नाय. "दोन पळ्या करडीचं तेल पाजलं." सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली.

"दो पळी?" मुजीब म्हणला.

"मोठी नाय. पूजेची."

मग जे हसले सगळे! एक जण तर हेल्मेट पोटाशी धरून खाली बसला. मी उभी राहिले. हसू द्या म्हणलं, पण एक जण हसा, एक जण पाना घ्या.

मुजीबनं रांगेतली गाडी बाजूला सारली अन् मशीन उघडलं. "हौ खाला, पकोडे का वास है!" आत सगळं चिकट, पिवळं, जळालेल्या कढईच्या बुडासारखं. पिस्टनवर ओरखडा नाय. तेलानं चिकटला होता तेवढाच. त्यानं कार्बोरेटर सुटा करून पेट्रोलनं धुतला, सायलेन्सर खरवडला, टाकीतली जाळी बदलली, नवा प्लग घातला. तासाभरानं दोरी ओढली. चौथ्याला बोललं.

मी कान लावला. "मध्येच खर्र करायलंय."

"कुछ नै खाला."

"करायलंय म्हणते ना."

त्यानं बंद केलं, हात फिरवला. एक स्क्रू आवळायचा राहिला होता. माझ्याकडं बघून म्हणला, "कान तुम्हारा तेज है खाला. बस पळी घर पे रखो."

संध्याकाळी मंजू कंपनीच्या बसमधून उतरली तर मशीन अंगणात उभं. तिनं मशीनकडं बघितलं, मग माझ्याकडं.

मी म्हणलं, "खोटं बोलताना आजार तरी बरोबर सांगावा. पिस्टन काय, काय पण!"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"भज्यांनी. तू कशाला माझं पाप अंगावर घेतलंस?"

ती शनिवारच्या गमबुटाची माती काढत बसली. मग म्हणली, "ह्यांनी तुमच्याकडून वही काढून घेतली असती."

"घेऊ दे की."

"सोमवारी तुम्ही माझी गाडी पुसता आत्या. आजवर कुणी पुसली नव्हती."

मी म्हणलं, "गाडी पुसते. तुला नाय पुसत. जास्त बोलू नको, चहा टाक."

अजिनाथ आला तवा त्यालाबी सगळं सांगितलं, राजनंदिनीसमोर. तो आधी हसला, मग तोंड वाकडं करून म्हणला, "वही दे इकडं, तुला नाय जमायचं."

"घे," मी म्हणलं. "माझ्या पहिल्या पानावर तुझ्या चेनची तारीख हाय. ती वाच अन् मग घे."

वही माझ्याकडंच हाय.

सेक्रेटरीला त्यानं अजून नाय म्हणून कळवलं नव्हतं. आळस कधी कधी उपयोगी पडतो.

२६ ऑगस्ट, मंगळवार

मंजूनं कंपनीत सुट्टी टाकली. मी बरोबर गेले. काम काय, तर पाण्याची बाटली धरायची अन् लेकरं जवळ येऊ द्यायची नाय, खडा उडतो म्हणून. एका बाकड्यावर बसले.

आमच्याकडं मेंढरू कातरायचं म्हणजे एका हातानं धरायचं, दुसऱ्यानं कातर चालवायची. चांगला गडी असला की लोकर एकसंध उतरायची, कातडीला लागायचं नाय. म्हातारा तसा कातरायचा. मंजू तशी कापते. डावीकडून उजवीकडं, पाऊल पाऊल, मागं सगळं सारखं. झाडाजवळ गेली की थांबायची, पातं काढून दोरी लावायची. अजिनाथनं फोनवर पातं सांगितलं होतं ते तिनं ऐकलं नाय. एका खोडाला ओरखडा नाय.

साप निघाला. धामण होती. मंजूनं मशीन बंद केलं, ती कुंपणातून गेली, मग परत चालू केलं. चार वाजता मैदान झालं. कडेची गटारसुद्धा.

अभय साहेब आले. चांगला माणूस दिसतो, मला नमस्कार केला. मैदान फिरून बघितलं, बुटानं गवत चाचपलं. मग खिशातून मोबाईल काढला अन् फोन लावला. "अजिनाथराव, काम एक नंबर झालंय. वर्षाचं बोलू आपण."

मंजू दहा पावलांवर उभी. घामानं चष्मा पांढरा झालेला, पट्ट्यानं खांदा लाल. मशीन अजून गरम. हा माणूस चितेगावला फोन लावून सांगतोय की मैदान चांगलं झालंय.

मी पंधरा दिवसांमागं काय लिहिलं होतं ते आठवलं. बाप्याशी बाप्या बोलतो, त्यात काय एवढं. खोडणार नाय. राहू दे तिथंच.

घरी येऊन मंजूच्या खांद्याला तूप-हळद लावली. ती म्हणली, "मला कशाला?" मी म्हणलं, उरली होती, वाया कशाला घालवू.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसला. मोदक फुटले दोन.

आरती झाली अन् अजिनाथचा मोबाईल वाजला. सोसायटी. हा उठून उभा राहिला, गळा साफ केला. "हां साहेब. हां. करू ना." मग त्यांनी विचारलं असणार की चारी इमारतींच्या कडेचं किती दिवसांनी करावं लागंल, बागेला औषध मारायच्या आधी कापायचं का नंतर, मशीन दुरुस्तीला गेलं तर दुसरं हाय का. ह्यानं मोबाईलवर हात ठेवला अन् मंजूला खुणा करायला लागला. किती? आधी का नंतर? ती बोटं दाखवायली, हा चुकीचं बोलायला लागला.

मी त्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला. "साहेब, मी बानाबाई. मशीन दुरुस्तीला का गेलं होतं ते मी सांगते, चूक माझी होती, तेल मी घातलं, पुन्हा घालणार नाय. बाकी सगळं जिचं काम हाय तिला विचारा." अन् मंजूच्या हातात दिला.

तिचे हात प्रसादाचे होते. पदराला पुसले. आधी आवाज बारीक होता, मग मोकळा झाला. पंधरा दिवसांनी, म्हणली. औषधाच्या चार दिवस आधी कापायचं. झाडाजवळ दोरीच लावणार, पातं नाय. सोमवारी मशीन बंद असतं, आमच्याकडं त्या दिवशी तपासणी असते. असं म्हणली. तपासणी!

एक तारखेपासून वर्षाचं काम. पॅकिंगला ती महिनाअखेर सांगणार.

अजिनाथ म्हणला, "पण माय, नंबर तर माझाच दिलाय त्यांच्याकडं." राजनंदिनीला सांगून त्यांच्याकडं नंबर बदलून मंजूचा टाकला. तरी जुन्या सवयीनं ते ह्यालाच लावतील, अन् जुन्या सवयीनं हा उचलंल. म्हणून इथं लिहून ठेवते, वही त्याचीच हाय, कधी तरी उघडंलच.

अजिनाथ, मशीनमध्ये तेल कुणी घातलं असं कुणीबी विचारलं, तर त्याला माझ्याकडं पाठव, जबाब मी देईन. अन् सोसायटीचा फोन तुझ्या मोबाईलवर आला तर तू उचलायचा नाय, मंजूला हाक मारायची. तिचे हात ग्रीसनं भरलेले असले तर वाजू दे. ती हात धुऊन येईल अन् उचलंल.